एक पलंग की दोन

"बादेन?"

तिला काहीही सांगितलं की ती हेच विचारायची. बादेन म्हणजे मग, त्यानंतर. मी म्हटलं, आज भेंडी केली, तर म्हणे बादेन? मी म्हटलं, साहेब रियाधला गेलेत, तर म्हणे बादेन? आणि विचारताना उजव्या हाताच्या बोटाने डाव्या मनगटावर टकटक करायची. मनगटावर घड्याळ नव्हतं, तरी टकटक चालूच. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. समोर ताट वाढलेलं असतं आणि त्यांचा जीव हात धुण्यापर्यंत जाऊन पोचलेला असतो.

जेद्दात आमची चार मजल्यांची इमारत. चौथ्या मजल्यावर इमारतीचा मालक राहतो, सौदी. ती त्याच्या घरी कामाला होती, मूळची इंडोनेशियाची. घरातली पोरं मालकाला बाबा म्हणत, म्हणून तीही बाबा म्हणे, आणि तिचं ऐकून मीही. तोच तिचा कफील, म्हणजे तिला इथे आणणारा जामीनदार. तिचा व्हिसा, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, पासपोर्ट सगळं त्याच्या हातात. मी दुसऱ्या मजल्यावर एका मराठी घरी स्वयंपाकाला. साहेब कंपनीत आणि वहिनी इस्पितळाच्या लॅबमध्ये. दोघं सकाळी बाहेर पडली की घरात मी एकटी.

पहिल्यांदा गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तेव्हा ती तिथे होती. मला अनोळखी माणसाशी बोलता येत नाही, अजूनही येत नाही. मी खाली मान घालून चिमटे लावत राहिले. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी तिने माझ्या हातातली ओली चादर ओढून घेतली, एक टोक मला दिलं, एक स्वतः धरलं आणि पिळता पिळता विचारलं, "तू मुकी आहेस?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"बादेन?"

मला हसू आलं. तिथून आमचं सुरू झालं. मी तिला ताई म्हणायची, ती मला उख्ती म्हणायची, म्हणजे बहीणच. भाषा म्हणजे मोडकी अरबी, त्यात माझी हिंदी आणि उरलेलं हातवारे. इथे मी सगळं मराठीतच लिहिते आहे.

खाली रस्त्यावर बकाला आहे, वाणसामानाचं दुकान. दुकानदार केरळचा. तो तिला पाहिलं की कपाळाला हात लावायचा.

"ब्रेड कधीचा?" ती विचारायची.

"आजचा."

"बादेन?"

"बादेन काय? उद्याचा उद्या येईल!"

"मग उद्याचा आजच दे."

तो मला हिंदीत म्हणायचा, "तुमची ही मैत्रीण मला एक दिवस मेंटलला पाठवणार." मी पदर तोंडाला लावून बाहेर पळायची.

बाबाच्या म्हाताऱ्या आईला तीच सांभाळायची. म्हातारी दुसऱ्या कुणाच्या हातून घास घेत नसे. त्यामुळे दर वर्षी ताईची रजा ठरायची आणि दर वर्षी पुढे जायची. अशी अकरा वर्षं गेली. या हिवाळ्यात म्हातारी वारली. ताई तिच्यासाठी खरंच रडली. चाळीस दिवसांनी बाबाने स्वतःहून तिला दोन महिन्यांची रजा दिली.

तिला एक मुलगी. चार वर्षांची होती तेव्हा आजीजवळ ठेवून ही इकडे आली. मुलगी आठ वर्षांची असताना एकदा घरी जाऊन आली, त्यानंतर नाहीच. तेव्हा मुलगी आजीच्या मागे लपली आणि तिने आजीला विचारलं, "ही बाई किती दिवस राहणार?" ताई हे सांगताना हसायची, दर वेळी हसायची. मी नाही हसले कधी.

आता मुलगी एकोणीस वर्षांची. सुराबाया नावाच्या शहरात मोबाइलच्या दुकानात नोकरीला, तीन मुलींबरोबर एका खोलीत राहते. ताईचं गाव तिथून बसने बरंच आत. ताईने रजेचं सांगितल्यावर मुलगी म्हणाली, मला गावी यायला सुट्टी नाही. फक्त मंगळवार आणि बुधवार मिळतील. माझ्या खोलीत जागा नाही. तू इथे हॉटेलात उतर, मी येईन.

"येईन म्हणाली," ताई म्हणाली. "राहीन म्हणाली नाही."

झालं. तेव्हापासून तिला चैन नाही. मुलीच्या दुकानापासून चालत पाच मिनिटांवर एक हॉटेल तिने फोनवर शोधून काढलं. रोज दुपार कलताना आसरची अजान झाली की आम्ही गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभ्या राहून त्याचे फोटो पाहायचो. मला तिची भाषा येत नाही आणि इंग्रजीचा तर प्रश्नच नाही. मी फोटोच बघायची. टाय लावलेली माणसं, लांब टेबल, टेबलावर ओळीने पाण्याच्या बाटल्या. बाग नाही, पोहायचा तलाव नाही.

"हे कसलं हॉटेल?" मी विचारलं.

"कामाच्या माणसांचं. मीटिंगला येतात, झोपतात, जातात." मग जरा ताठ होऊन म्हणाली, "आपणही कामाचीच माणसं."

विमान सकाळी पोचणार होतं आणि खोली दुपारी दोनला मिळणार होती. मधल्या वेळात कुठे थांबायचं? सामान घेऊन मुलीच्या दुकानासमोर जावं का? मंगळवारी तर तिची सुट्टी. मग ती सकाळीच आली तर? आली आणि खोलीच नसली तर? मी म्हटलं, "खाली खुर्च्या असतील, बसा दोघी." तिने मनगटावर टकटक केली. "बादेन? खुर्चीवर बसून मी तिच्याशी काय बोलू?"



पण सगळ्यात मोठा घोळ पलंगाचा. खोल्या दोन तऱ्हेच्या होत्या. एकीत एक मोठा पलंग, दुसरीत दोन लहान. खोली घ्यायचं काम वहिनींनी कबूल केलं होतं. त्यांच्या लॅपटॉपवर आधी एक पलंगाची खोली निवडली. दुसऱ्या दिवशी ताई खाली आली, दारातच उभी राहून म्हणाली, दोन पलंगांची करा. एकच पलंग दिसला तर पोर घाबरेल आणि जाईल. तिसऱ्या दिवशी पुन्हा आली. दोन असले तर ती भिंतीकडे तोंड करून झोपेल, मला काय मिळालं? एकच करा.

वहिनी मला म्हणाल्या, "अगं, तिला सांग एकदा ठरव म्हणावं. एवढा विचार मी लग्न ठरवताना केला नव्हता."

साहेब आतून म्हणाले, "ते दिसतंच आहे."

ताईला मराठी कळत नव्हतं, पण आम्ही हसलो म्हणून तीही हसली आणि लगेच विचारलं, "बादेन?"

आणि तरीही शेवटचं बटण ती दाबू देईना. आधी बाबाचं पत्र येऊ दे, म्हणायची.

या पत्राचं सांगायला हवं. बऱ्याच वर्षांपूर्वी ती बाबाच्या विधवा बहिणीबरोबर दुसऱ्या गावी लग्नाला गेली होती. हॉटेलच्या काउंटरवर माणसाने विचारलं, पुरुष कोण बरोबर? नाही? मग कागद कुठे? दोघी अर्धा दिवस खाली बसून होत्या. शेवटी बाबाने सहीशिक्क्याचं पत्र पाठवलं तेव्हा किल्ली मिळाली. आता इथे तसं राहिलेलं नाही असं म्हणतात. पण ताईच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं. हॉटेल म्हटलं की कफीलचं पत्र. आमच्या घरची बाई आहे, दोन रात्री राहू द्यावं, खाली शिक्का.

ती बाबाकडे रोज मागत होती. घरात मरणानंतरची ये-जा, जमिनीचे कागद, भाऊबंद. बाबा म्हणायचा, इन्शाल्ला, बुकरा. उद्या. तिचं निघणं पुढच्या सोमवारवर आलं. त्या तारखांना हॉटेलात थोड्याच खोल्या उरल्याचं वहिनींना स्क्रीनवर लाल अक्षरात दिसत होतं. ताई जिन्यातून दिवसात पाच पाच वेळा खाली येऊ लागली. आली की विचारायची, आहे ना खोली? आणि वर पळायची.

मला काय वाटत होतं म्हणाल, तर तेच वाटत होतं जे तिला. पत्राशिवाय खोली कोण देईल? मी फक्त एवढाच विचार केला की बाबाच्या पत्राऐवजी आमच्या साहेबांचं चालेल का. हे वहिनींना विचारायला मला तीन दिवस लागले. दोनदा चहा घेऊन गेले आणि कप ठेवून परत आले. तिसऱ्यांदा वहिनी म्हणाल्या, "काय गं? काही फुटलं का?"

मी सांगितलं. साहेब पत्र देतील का, शिक्का कंपनीचा असला तरी चालेल.

वहिनी खो खो हसायला लागल्या. "अगं बाई, हॉटेल कुठल्या देशात आहे?"

"इंडोनेशियात."

"आणि ती कुठली?"

"तिथलीच."

"मग तिच्याच देशात तिने झोपायला कोणाची परवानगी..." आणि वाक्य त्यांनी अर्धवटच सोडलं. हसणंही थांबलं. चहा तसाच ठेवून त्यांनी लॅपटॉप ओढला आणि म्हणाल्या, "जा. तिला सांग, पासपोर्ट दाखवला की पुरे. आणि पलंग एक की दोन ते आजच सांगायला सांग."

मी धावतच गच्चीवर गेले. लिफ्टची मला भीती वाटते, जिनाच चढले. ताई गाद्यांच्या चादरी झटकत होती. मी सांगितलं तर तिला पटेना. "तुझ्या वहिनीला काय माहीत? ती तिकडे गेलीय का?"

"मुलीला विचार मग."

तिने तिथल्या तिथे फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. त्यांची भाषा मला समजली नाही. पण ताईने प्रश्न विचारल्यावर पलीकडून एकदम मोठ्याने हसणं आलं, अगदी खळखळून. ताईचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. आधी ओशाळली. मग डोळे मोठे करून माझ्याकडे बघायला लागली आणि फोन माझ्या कानाजवळ आणला, जणू काही खायला देत होती. तिने तिच्या मुलीचं मोठेपणीचं हसणं तोपर्यंत ऐकलं नव्हतं.

त्याच भरात तिने दुसरा प्रश्न विचारला. एक पलंग की दोन? तो प्रश्न कुठला ते मला तिने दाखवलेल्या बोटांवरून कळलं.

हसणं थांबलं.  मग एकच शब्द आला आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाली?"

"तुझी मर्जी." ती मनगटावर टकटक करायला लागली. "तुझी मर्जी म्हणजे काय गं, उख्ती?"

"म्हणजे तिला दोन्ही चालेल."

"नाही. दोन्ही नको असलं तरी माणूस असंच म्हणतं."

मी कधी कुणाला सल्ला देत नाही. त्या दिवशी मात्र मी म्हटलं, "दोन घे."

"का?"

"दोन असले की तिला राहता येईल. आधी राहू तर दे."

मी सुट्टीवर घरी गेले होते तेव्हा माझा मुलगाही माझ्याजवळ झोपायला आला नव्हता. ओटीवर चटई टाकून झोपला, उकडतंय म्हणाला. पौष महिना होता. हे मी ताईला सांगितलं नाही. पण ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि त्या दिवशी तिने बादेन विचारलं नाही.

वहिनींनी दोन पलंगांची खोली घेतली, दोन रात्रींसाठी. कागद छापून दिला. ताईने तो प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी कापडात गुंडाळली आणि कापड अबायाच्या आत ठेवलं. सोमवारी बाबाचा ड्रायव्हर तिला विमानतळावर घेऊन गेला. मी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पाहिलं. गाडीत बसण्याआधी तिने डिकी दोनदा उघडून सामान तपासलं. वर मात्र पाहिलं नाही.

मंगळवार गेला. बुधवार गेला. मी भाजी चिरताना फोन ओट्यावर उताणा ठेवायची. वाजला नाही. मीच अस्वस्थ. डाळीत दोनदा मीठ पडलं. साहेब जेवताना नुसतं पाणी पीत राहिले.

आता तिची रजा संपून महिना होत आला. ती परत आलेली नाही. चौथ्या मजल्यावर दुसरी बाई आली आहे, आफ्रिकेतली, उंच, शांत. गच्चीवर ती चादरी एकटीच पिळते आणि मलाही तिच्याशी बोलायचा धीर होत नाही. परवा बाबाने जिन्यात मला थांबवून विचारलं, "तुझ्या मैत्रिणीचं काही कळलं? का नाही आली?" मी मान हलवली. काही नाही म्हटलं.

कळलं होतं. त्या गुरुवारी दुपारी तिच्या नंबरवरून एक फोटो आला होता. खाली एक अक्षर नाही. हॉटेलची खोली, पडद्याच्या फटीतून सकाळचं ऊन. ताई झोपलेली, तोंड थोडं उघडं, केस मोकळे. इतक्या वर्षांत मी तिचे केस कधी पाहिले नव्हते, अर्धे पांढरे झालेत. ती झोपली आहे, म्हणजे फोटो तिने काढलेला नाही. खोलीत दुसरी फक्त मुलगीच होती.

मी तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. पलीकडच्या पलंगाची चादर ताठ होती, रात्रभर कुणी तिला हात लावलेला नव्हता. त्या पलंगावरची उशी तेवढी तिथे नव्हती. ती ताईच्या उशीला चिकटून होती, आणि मधोमध दबलेली होती.