भेंडीच्या शेतातली पसंती

भेंडी तोडायला मी बायकोचा गाऊन घालून गेलो होतो आणि त्यात मला काहीही गैर वाटत नव्हतं.

भेंडीला बारीक लव असते. ती लागली की अंगाची नुसती आग होते. जाफराबादजवळच्या आमच्या शेतात मागच्या हंगामात तोडणीच्या बायांचे हात कोपरापर्यंत सुजले होते. म्हणून यंदा माझ्या बायकोने, सुमनने, फर्मान काढलं की अंग झाकल्याशिवाय कुणी शेतात पाय ठेवायचा नाही. बायांना तिने लांब बाह्यांचे शर्ट, हातात घालायला पायमोजे आणि डोक्या-तोंडाला बांधायला रुमाल वाटले. शर्ट अर्थातच माझे. (ऑफिसचे. इस्त्रीचे.) सुट्टी काढून मदतीला आलेल्या मला उरला तो तिचा लांब बाह्यांचा, गुलाबी फुलांचा गाऊन; मोजे आणि रुमाल मात्र मलाही मिळाले.

त्याच संध्याकाळी माझ्या बहिणीला, रेखाला, बघायला कुंभार पिंपळगावचे पाहुणे यायचे होते. जीप लवकर मिळाली म्हणून ते सकाळीच आले, आणि वाटेत घराआधी आमचं शेत लागतं. (रेखा घरीच होती.) नवरा मुलगा बांधावर थांबला. त्याच्या आत्याबाईंनी शेतावर नजर फिरवली. बाकी सगळ्या शर्टात, एकटीच गाऊनमध्ये. म्हणजे घरची पोरगी हीच, असं ठरवून त्या थेट माझ्यापुढे आल्या.

"नाव काय बाई तुझं?"

बोललो तर आवाज कळणार, आणि पोरीचा भाऊ गाऊन घालतो म्हटल्यावर रेखाचं स्थळ हातचं जाणार. मी मान खाली घातली.

"लाजून राह्यली ती," शेजारच्या सरीतून सुमन म्हणाली. (ही माझी अर्धांगिनी!)

आत्याबाई खूश झाल्या. उंची बराबर, कामाला चलाख, बोलणं बिलकुल न्हाई, असं त्यांनी तिथूनच भाच्याला ऐकवलं. मग मायेने माझा हात धरून मोजा ओढला. आतून केसाळ मनगट आणि घड्याळ निघालं. आत्याबाईंनी घड्याळ निरखलं. मी दचकून मान वर केली, तसा रुमाल घसरला आणि मिशा बाहेर आल्या.

"मी पोरीचा भाऊ हाय, आत्याबाई. भेंडी खाजती म्हणून घातलाय."

नवरा मुलगा पोट धरून हसत बांधावरच बसला. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी सुमनकडून सगळं समजून घेतलं, बायांचे मोजे काढून हात तपासले. कुठेच पुरळ नव्हतं.

"आमच्याकडं बी भेंडी हाय," त्या म्हणाल्या. "आम्हाला हे न्हाई सुचलं."

रेखाचं जमलं. आता तिच्या सासरीही सगळे अंग झाकूनच तोडणीला जातात. आत्याबाई मात्र अजून चारचौघांत म्हणतात, की पहिली पोरगी जास्त शांत होती.

माझ्या लग्नाच्या वेळी मला बऱ्याच घरांनी नाकारलं होतं. बघताक्षणी पसंत केलं ते याच एका घराने, आणि तेही सून म्हणून.