आत कोन हाय का

भट्टीमामा कुठलीही गोष्ट पेटवण्याआधी तिला विचारत. खाली वाकायचे, तोंडाशी हात धरायचे आणि हाक द्यायचे, “आत कोन हाय का? असंल तर भाईर निघा.” मग थोडा वेळ थांबायचे. उत्तर आलं नाही की काडी ओढायचे. चुलीला विचारत, शेकोटीला विचारत. माझ्या खोलीवर पहिल्यांदा चहाला आले तेव्हा त्यांनी गॅसच्या शेगडीलाही विचारलं, आणि मी लायटर धरून बावळटासारखा उभा राहिलो.

कपिलधारच्या डोंगररांगेतल्या त्या गावात मी विज्ञान शिकवायला गेलो आणि मामांचा शेजारी झालो. त्यांची अर्धी हयात कोळशाच्या भट्ट्या लावण्यात गेली होती. भट्टी म्हणजे लाकडांचा ढीग, वरून मातीचा लेप आणि पेटवायला खाली एक तोंड. रचलेल्या ढिगात ससा, घोरपड, साप असलं काहीबाही निवाऱ्याला शिरतं. ते जिवंत भाजू नये म्हणून हाक द्यायची. वर्गात सांगावी अशी गोष्ट, म्हणून मला ती आवडलीही होती.

मग हा धंदा कामून सोडला, असं एका दुपारी मी त्यांच्याच बोलीत विचारलं. मामा शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“एकदा आतून ‘व्हय’ आलं.”

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, माती फोडली, सगळा ढीग उपसला. पुन्हा रचला, पुन्हा विचारलं, पुन्हा तेच.

“आत काय होतं?”

“लाकडाबिगर काय न्हवतं.”

“मग बोललं कोण?”

“लाकडाबिगर काय न्हवतं म्हनलं ना, गुर्जी.”

पुढे एक संस्था गावात आली. डोंगरावरचं जंगल तोडायचं नाही, जाळायचं नाही, आणि त्यामुळे जो धूर हवेत जाणार नाही त्याचा मोबदला गावाला, असा करार होता. ग्रामसभेत समजावून सांगायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. न झालेल्या धुराचे पैसे मिळणार तर न झालेल्या लग्नाचा आहेर बी द्या, असं मागून कोणीतरी म्हणालं आणि सभा हसण्यात बुडाली. मी चिकाटीने सांगत राहिलो की झाड हवेतला कार्बन घेऊन आपलं अंग बनवतं, जाळलं की तोच परत हवेत जातो. हसणं थांबल्यावर मामा म्हणाले, “म्हंजी झाड म्हंजी धूरच हाय. उभा ऱ्हायलेला.” अगदी बरोबर, असं मी सगळ्यांसमोर म्हणालो. तेव्हापासून मामांच्या प्रत्येक विक्षिप्तपणाला ‘गुर्जी बी तेच म्हनले’ असा माझा दाखला मिळू लागला.

जंगल राखायचं काम मामांनी मागून घेतलं. एकदा हट्टाने मला बरोबर नेलं. भर दुपार होती, आणि डोंगरावर एका पाखराचाही आवाज नव्हता. मामा एकेका धावड्याच्या खोडाला कान लावत, “हायेस का?” म्हणत आणि मान डोलावून पुढे जात. माझ्याकडे त्यांची पाठ वळलेली पाहून मीही कान लावला. ठोके ऐकू आले. ते माझेच होते, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी उतरताना मी त्यांच्या पुढे चालायचं टाळलं, आणि मागेही राहिलो नाही.

गावात कपिलधारला नेमाने जाणारे अप्पा दुकानदार होते. त्यांच्या लिंगायत समाजात माणूस गेलं की पुरतात. मामांना त्याचा लई हेवा. “तुमचं बरं हाय अप्पा, काडीबी न जाळता जाता.” भट्ट्यांच्या धुराने छाती पोखरली आणि मामा बीडच्या दवाखान्यात पडले, तेव्हा त्यांनी मामीला, मला आणि गेवराईला ट्रक चालवणाऱ्या सुदामला, म्हणजे मुलाला, जवळ बोलावलं. “मला पेटवू नका. पेटवायचंच असंल तर आदी इचारा.” सुदाम तोंड फिरवून उभा राहिला. एकुलता एक पोरगा. बापाला अग्नीही दिला नाही असं लोक म्हणतील, ही त्याची भीती खरीच होती.

मामा गेले. मला पोरकं वाटलं, हे सांगायला लाज कसली. डोंगराला हात लावायचा नाही म्हणून सुदामने गेवराईच्या वखारीतून ट्रकभर लाकूड आणलं. चिता रचली गेली. मामीने एका ओंडक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “धावडा हाय. कुन्या दुसऱ्या डोंगराचा.”

सुदाम पेटती चूड घेऊन पुढे झाला. मामी त्याच्या आधी वाकली, तोंडाशी हात धरला आणि त्यांच्याच सुरात हाक दिली, “आत कोन हाय का? असंल तर भाईर निघा.” कोणी हसलं नाही. ती थांबली. आम्ही सगळेच थांबलो. मी आणि सुदाम चितेच्या अगदी जवळ होतो.

चूड जळत सुदामच्या बोटांपर्यंत आली तेव्हा त्याने ती मातीत टाकली, पायाने विझवली आणि कुदळ मागितली. खड्डा कसा घ्यायचा ते अप्पांनी सांगितलं. लाकूड अजून तिथेच रचलेलं आहे; चुलीसाठी कोणी नेत नाही.

आतून काही आलं होतं का, असं लोक मला विचारतात. मी विज्ञान शिकवतो, मी नाही म्हणतो. सुदामही नाही म्हणतो. आम्ही दोघंच असलो, की मात्र हा विषय तो काढत नाही आणि मीही काढत नाही.