आबांच्या घोड्यांना मागणी

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही धड ठाऊक नाही — पण आता पोटात ठेववत नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर असेल. आम्ही आष्ट्याला राहायचो. मी रोज एस.टी.नं सांगलीला नोकरीला जायचो. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेत गाड्या दुरुस्त करायचे. निवृत्त होऊन घरी आले आणि हात रिकामे झाले. मग दिवसभर आमच्या मागे — दिवा का चालू, पोरं का ओरडतात, ही भाजी कसली. मला वैताग यायचा. खोटं कशाला बोलू? बापाचाच वैताग यायचा.

एकदा त्यांनी जुन्या मिक्सरच्या मोटारीचं एक यंत्र जुळवलं. एका टोकाची पिन पत्र्याच्या फर्म्याच्या कडेनं फिरवली, की दुसऱ्या टोकाचं पातं पातळ प्लायमध्ये नेमका तोच आकार कापायचं. पाय, पोट, मान, शेपूट — एकमेकांत खोचले की खेळण्यातला घोडा उभा. कितीही कापा, सगळे सारखे. पिशवीभर घोडे माझ्या हातात देऊन म्हणाले, सांगलीत दुकानात दाखव.

दाखवले. आता प्लास्टिकचीच खेळणी खपतात, दुकानदार म्हणाला. संध्याकाळी आलो तर आबा दारातच उभे. काय सांगणार होतो? म्हणालो, सगळे ठेवून घेतले, अजून मागितलेत.

इथवर तुम्ही मला भला माणूस म्हणाल. थांबा.

त्या दिवसापासून घर शांत झालं. आबा सकाळीच मागच्या पडवीत शिरायचे. यंत्राची घरघर सुरू झाली की मला हायसं वाटायचं — म्हणून मी मागणी वाढवत गेलो. विक्रीचे म्हणून माझ्याच पगारातले पैसे आईच्या हातावर ठेवायचो. आणि घोडे — घोडे ऑफिससमोरच्या चहाच्या गाड्यावर द्यायचो, शेगडी पेटवायला. लय झ्याक पेटतंय, गाडेवाला म्हणायचा. त्याच शेगडीवरचा चहा मी प्यायचो.

दिवाळीच्या तोंडावर आबांच्या छातीत कळ आली. ताबडतोब सांगलीला न्या, गावातले डॉक्टर म्हणाले. आबा यंत्रापासून उठेचनात.

"आरं, शबूद दिलाय आपण. दिवाळीचा माल जाऊ दे, मग कुठं बी ने."

दिवाळीचा माल मीच मागितला होता. घरी पाहुणे यायचे होते, आबांची कटकट नको — म्हणून नेहमीच्या दुप्पट.

आबा, मागणी नाही, कधीच नव्हती — एवढंच बोलायचं होतं. शिव्या घालत का होईना, ते उठून गाडीत बसले असते. तुजं ऐकत्यात, सांग त्यांना, असं आई मला विनवत होती. आणि मी कसला विचार करत होतो? शेगडीचं कळलं तर आबा माझ्याकडे कसे बघतील, याचा. बाप छाती धरून बसलेला आणि मला माझ्या अब्रूची पडली होती. मी भित्रा होतो — दुसरा शब्द नाही.

"बरं आबा," मी म्हणालो. "परवा जाऊ."

दुसऱ्याच दिवशी दुपारी ते गेले. आई पडवीत धावत गेली तेव्हा यंत्राची मोटार चालूच होती.

तेराव्यानंतर आईनं उरलेले घोडे पोत्यात भरले. ज्यांच्या शेपट्या राहिल्या होत्या, त्या तिनंच खोचल्या. त्यांनी दिलेला शबूद हाय, पोचीव, म्हणाली. मी पोतं घेऊन गेलो. कुठं दिलं म्हणता? गाड्यावरच दिलं. आणि घरी येऊन सांगितलं, दुकानदाराच्या डोळ्यांत पाणी आलं.

आई आता थकली आहे. घरी कुणीही आलं की सांगते — ह्यांच्या घोड्यांना सांगलीत केवढी मागणी होती, मरेपर्यंत ह्यांनी शब्द मोडला नाही, दुकानदाराला रडू आवरलं नाही. मग माझ्याकडे वळून विचारते, "व्हय का न्हाई रं?"

मी व्हय म्हणतो.