जिन्यातला माठ

बोईसरला राहायला आले तेव्हा सगळ्यात आधी मी दाराला साखळी बसवून घेतली. सातपाटीला माहेरी आमचं दार दिवसभर उघडं असायचं. इथे चौथ्या मजल्यावर समोर कोण राहतं, हेही मला बरेच दिवस कळलं नव्हतं. इमारतीत बहुतेक भाडेकरूच, तारापूरच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे. नवरा दुसऱ्या पाळीला गेला की मी एकटीच.

त्या मे महिन्यात लिफ्ट बंद पडली. पार्सलवाले, सिलिंडरवाले धापा टाकत वर यायचे आणि पाणी मागायचे. दर वेळी अनोळखी माणसाला दार उघडायचं माझ्या जिवावर येई. म्हणून मी दाराबाहेर तिवईवर माठ ठेवला, वर झाकण आणि पेला. त्यांना पाणी मिळेल आणि मला दार उघडावं लागणार नाही. दया त्यात थोडी होती, भीतीच जास्त.

समोरच्या घरात मुलाकडे राहणाऱ्या काकी होत्या, मूळच्या जवळच्या पाम गावच्या. एक दिवस त्या माठासमोर उभ्या दिसल्या.

"यात काय हाय?"

"पाणी आहे, काकी. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी."

"कोणी सांगितलं ठेवायला?"

"कोणी नाही. असंच ठेवलं."

"असंच?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत गेल्या. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

मग जिन्यात कुजबुज सुरू झाली. वरच्या मजल्यावरच्या बाईने पोरांना बजावलं, त्या माठाला हात लावायचा नाही. कुणी म्हणे नवस असेल, कुणी म्हणे उतारा. तसाही आमच्याकडे पाण्यावर कुणाचा विश्वास नसतो. जरा वास आला की केमिकल म्हणून ओतून देतात. खालच्या मजल्यावरचा एक कामगार हसत म्हणाला, "भाभी, इसमें कुछ डाला तो नहीं ना?" हसला, पण प्यायला नाही.

एका सकाळी माठ रिकामा होता आणि पायऱ्या ओल्या. कुणीतरी पाणी ओतून दिलं होतं.

तेव्हापासून मीही त्यांच्यासारखीच झाले. समोरचं दार वाजलं की मी दाराच्या भिंगाला डोळा लावून उभी. काकींच्या हातात बादली दिसली की वाटे, ह्याच. नवरा म्हणाला, "उचल तो माठ. नसती भानगड." मी हट्टाने उचलला नाही. पण भरायला जाताना आधी जिन्यात कोणी नाही ना, हे बघू लागले. जणू मी काही चोरीच करत होते.

पुढे आई आजारी पडली म्हणून मी सातपाटीला जाऊन राहिले. परतले तेव्हा माठ फुटलेला असेल, असंच धरून चालले होते. तर तो काठोकाठ भरलेला, भोवती ओलं फडकं गुंडाळलेलं. मला बरं वाटायला हवं होतं. मी झाकण काढून वास घेतला.

"पी, काय नाय होत," मागून आवाज आला. काकी दारात होत्या. "मीच भरलाय."

"तुम्ही?"

"सिलिंडरवाला वर चाललेला. हितंच पायरीवर बसला, डोळे पांढरे केले. माजे गुडघे असे. घरात जाऊन पाणी आणीपर्यंत तो पडला असता. हा माठ हाताशी होता. पन तो पियेनाच. म्हणे, कोणाचा हाय, भायेर कशाला ठेवलाय? आता मी काय सांगू? सगळ्यांना नको म्हणून सांगणारी मीच. मंग त्याच्यादेखत आदी मी पेलाभर प्यायले. तवा प्यायला."

"आणि तुम्हाला काही…"

"मला काय झालं नाय," त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या. काही होतं का, हे त्यांनी दुसऱ्या दिवसापर्यंत पाहिलं असणार.

वरच्या बाईने हे जिन्यातून पाहिलं होतं. फडकं तिने आणून दिलेलं. ज्या दिवशी काकींचे गुडघे दुखत, त्या दिवशी तीच माठ भरी. खालच्या कामगारांनी तर गेटपाशी आणखी एक माठ ठेवला होता.

मला राहवेना. "काकी, त्या दिवशी पाणी कुणी ओतलं?"

"मी नाय ओतलं." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "मला वाटलेलं, तूच ओतलंस. आमी बोलतो म्हणून रागाने."

"मी कशाला ओतेन?"

"मला काय ठाव?"

ते पाणी कुणी ओतलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. काकी खरं बोलल्या असं मला वाटतं. अगदी खात्री मात्र नाही. त्यांनाही माझी नसावी. पाऊस लागेपर्यंत आम्ही आळीपाळीने माठ भरत राहिलो.