खजुरीच्या पोटातला आवाज

चूक माझी होती, आणि ती माझी आहे हे मला सात महिने माहीत होतं.

इथे आखातात, रास अल खोरमधल्या एका वर्कशॉपात आम्ही आवाज टिपणारे डबे बनवतो. त्यातल्या कर्नेलचं, म्हणजे यंत्राच्या मुळाशी चालणाऱ्या प्रोग्रॅमचं, काम माझ्याकडे असतं. असा एक डबा अल ऐनला खजुरींवर संशोधन करणाऱ्या एका मराठी बाईंनी घेतला. तो बसवायला मी गेलो, तेव्हा त्यांनी बुंध्यात सेन्सर रोवला आणि हेडफोन माझ्या हातात दिला.

"ऐका सर. कुणीतरी कुरमुरे खातंय ना?"

खरंच तसा आवाज होता. बाहेरून झाड हिरवंगार, आणि आत कोणीतरी सावकाश, न थांबता खात होतं.

"सोंड्या भुंग्याच्या अळ्या," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे माडाला लागतो तोच. इथे येऊन जरा सुटलाय, आपल्यासारखाच."

तीन दिवस सलग आवाज टिपायचा, दुसऱ्या दुपारी बुंध्यात औषध सोडायचं आणि खाणं कसं थांबतं ते बघायचं, असा त्यांचा बेत होता. सगळं एकाच फाइलमध्ये.

पुढचा आवाज फाइलमध्ये कुठे लिहायचा, ती जागा एका आकड्यात ठेवावी लागते. कर्नेल त्या आकड्याला आठ बाइट देतो. मी माझ्या कोडमध्ये तो चार बाइटांत ठेवला. मेमरी तुटपुंजी असायची त्या काळात शिकलो. चारात भागतं तिथे आठ कशाला, ही जुनी सवय. आकडा कापला जाईल, अशी सूचना कंपायलरने, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमने, दिली होती. ती सूचनाच मी बंद केली. तासभर चालवून पाहिलं, उत्तम चाललं.

चार बाइटांत चार अब्ज एकोणतीस कोटींच्या आसपासचा आकडा मावतो. त्यानंतर पुन्हा शून्य. आमच्या वेगाने ते शून्य सदतीस तासांनी आलं, आणि डबा मुकाट्याने फाइलच्या सुरुवातीला जाऊन आधीच्या आवाजावर नवा आवाज लिहू लागला.

त्यांचा फोन आला. फाइल सदतीस तासांचीच आहे, आणि सुरुवातीला नुसती शांतता आहे. मी न बघताच म्हणालो, "सेन्सर सैल बसला असेल. बॅटरीची तारही निसटली असेल."

"असेल सर. माझाच हात कच्चा."

अहवालात त्यांनी तसंच लिहिलं. औषधाने अळ्या मेल्या होत्या, त्यामुळे त्या झाडाचा आवाज पुन्हा मिळणार नव्हता. हे काम आपल्याला जमत नाही म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं.

आठवड्याने मी त्या फाइलची प्रत उघडली आणि थेट शेवटाकडे गेलो. तिथे कुरमुरे होते. तीन दिवस तिथवर संपले, म्हणून दुसऱ्या संध्याकाळचे अडीच तास पुसले जायचे राहिले होते. औषध भिनत होतं आणि खाणं विरळ, आणखी विरळ होत होतं. सेन्सर घट्ट बसला होता. मी चाराचे आठ बाइट केले, कोडची नवीन आवृत्ती त्यांना पाठवली आणि कारण लिहिलं नाही.

परवा इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या मुलीने माझ्या स्क्रीनवर ती आठ बाइटांची ओळ आणि तिच्यावर खोडून ठेवलेली जुनी चारांची ओळ पाहिली, आणि ती हसली. "बाबा, सिक्स्टी-फोर बिट्स फॉर अ फाइल? हू नीड्स दॅट मच?"

मी तिला हिशेब करून दाखवला. आठ बाइट म्हणजे चौसष्ट बिट; त्यातला एक बिट उणे चिन्हाला जातो, तरीही त्या झाडाचा आवाज त्याच वेगाने टिपत राहिलो तर आकडा संपायला नव्वद लाख वर्षं लागतील. ती हसायची थांबली. मीही त्या आकड्याकडे बघत राहिलो. आजूबाजूची वाळू तेव्हा कुठे असेल कोण जाणे. एवढं अफाट अंतर चार बाइट वाढवले की मिळतं, आणि ज्याने कर्नेल लिहिला त्याने ते आधीच माझ्यापुढे ठेवलं होतं.

"देन व्हाय डिड यू यूज फोर?" तिने विचारलं.

शनिवारी मी अल ऐनला गेलो. बाईंच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला, हेडफोन त्यांच्या हातात दिला आणि फाइलचा शेवट लावला. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं.

"हे माझं झाड आहे," त्या म्हणाल्या. "कुठे सापडलं?"

"तुमच्याच फाइलमध्ये, मॅडम. तुमचा हात कच्चा नव्हता. माझ्या कोडने तुमचा आवाज पुसला, मी तुमच्यावर ढकललं, आणि कळल्यावरही सात महिने गप्प बसलो. तुमच्या वरिष्ठांना हे सगळं मी लेखी कळवलंय, ही त्याची प्रत. मला माफ करा."