दाराकडे तोंड केलेला नाग

आई सोमवारी नागपूरला परत जाणार होती आणि जाताना तिच्या मनगटात मी घडवलेला तांब्याचा नाग असावा, एवढंच मला हवं होतं. इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला, मी दर शनिवारी धातुकामाच्या क्लासला जायचे. ती आल्या आल्या आम्ही म्युझियममध्ये इजिप्तच्या राजाच्या मुकुटावरचा सोन्याचा नाग पाहिला होता. उभारलेला फणा, त्यात निळे-लाल खडे बसवलेले.

"कपाळावर कशाला गं तो?" आईने विचारलं.

"राजाची राखण करायला."

तसाच फणा मी तिच्यासाठीच्या तांब्याच्या कड्याला जोडला. खवले कोरताना बोटं सोलवटली. आता शेपटीकडचा जास्तीचा तुकडा तेवढा कापायचा होता, नाहीतर कडं तिच्या बारीक हातातून गळून पडलं असतं.

आणि नेमकी ती जाण्याआधीच्या शेवटच्या शनिवारी नागपंचमी आली.

"आज चिरायचं नाही, कापायचं नाही. आणि नागाची शेपटी? काहीतरीच तुझं!"

"आई, तांबं आहे ते! आज क्लास मिस केला तर करवत कुठून आणू? परवा तुझी फ्लाइट आहे."

"म्हणून काय पंचमी कॅन्सल करू?"

गेल्याच आठवड्यात घरामागच्या लाकडी डेकखाली हातभर साप निघाला, तेव्हा "मार त्याला!" म्हणून ओरडणारी हीच बाई. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. दार आपटून मी आंघोळीला गेले.

बाहेर येऊन बघते तर माझा नाग पाटावर. फण्याला हळदकुंकू, पुढे वाटीत दूध आणि लाह्या नाहीत म्हणून माझं मायक्रोवेव्हचं पॉपकॉर्न.

"झालं! आता हा घालणार कोण?"

"पुजलेला नाग कुणी हातात घालतं का?"

मग मात्र माझा तोल सुटला. "इतके शनिवार घातले मी त्याच्यात! माझ्या हातचं काहीच नको का तुला?"

ती निरांजनाची वात सारखी करत राहिली. "तूच म्हणालीस ना, राखण करतो म्हणून? मला तिकडे सगळे आहेत. मी गेल्यावर इथे तुझ्याजवळ कोण आहे?"

तरीही मी तिच्याशी धड बोलले नाही. विमानतळावर तिने हात हलवला, तेव्हा मनगटात रोजच्याच काचेच्या बांगड्या होत्या. त्या बघून पुन्हा चिडचिड झाली.

घरी येऊन कुलूप काढलं. पाटावरचा नाग दाराकडे तोंड करून बसला होता. निघताना तिनेच फिरवून ठेवला असणार.