पोट फाटलेला जिताडा

आषाढातल्या अमावास्येला दुपारच्या भरतीत उघाडीची झडप मिटलीच नाही.

धरमतरच्या खाडीला लागून अनिताचं गाव. बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती, आणि बांधाच्या पोटातून पाण्याला जी वाट ठेवलेली असते ती उघाडी. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी तिथून बाहेर पडतं. भरती आली की पाण्याच्या जोरानेच लाकडी झडप मिटते आणि खारं पाणी बाहेर राहतं. त्या दिवशी उघाडीवर लक्ष ठेवणारा कान्हू धावत गावात आला, तेव्हा खारं पाणी शेतात शिरलंदेखील होतं. बायका नुकत्याच लावणी आटोपून हातपाय शेकत बसल्या होत्या.

अनिता रोज पेणला गणपतीच्या कारखान्यात जायची. लग्न होऊन आली तेव्हापासून ती तिथे मूर्तींची आखणी करत होती, म्हणजे डोळे काढत होती. त्या दिवशी अंगात कसकस होती म्हणून घरी राहिली होती. ती तशीच बांधाकडे पळाली आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरली. झडपेच्या फटीत हात घातला तर पिशव्या लागल्या, बाटल्या लागल्या, फाटकं जाळं लागलं. ती उपसत गेली, कान्हू वरून ओढत गेला. पण सगळ्यांच्या तळाशी काहीतरी ताठ, गुंडाळलेलं, लाकडी चौकटीसकट आडवं बसलं होतं आणि ते हलेना. पाण्याचा रेटा एवढा की एकदा झडप तिच्या दंडावर आपटली आणि हात गेलाच असं तिला वाटलं. शेवटी भरतीचा जोर ओसरला तेव्हाच ते निघालं. तोवर शेत खाडीसारखं दिसू लागलं होतं.

आठवड्याभरात भात पिवळं पडलं, मग करपलं. जो तो म्हणाला, यंदा खाडी कोपली.

उघाडीतून निघालेला कचरा अनिताने परत पाण्यात टाकू दिला नाही. गोण्यांत भरून घरी आणला. तिची सासू काशीबाई आधीच शेतामुळे चिडलेली. अंगणात उकिरडा कशाला मांडलास म्हणून तिने दोन दिवस सुनेशी अबोला धरला. अनिताने ती ताठ गुंडाळी सोडून धुतली. तो फ्लेक्स होता. चिखल गेला आणि आतून हात जोडून हसणारे हैबतराव निघाले. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स, वडखळच्या नाक्यावर लागतो तसला. हैबतराव त्या बाजूचे मोठे पुढारी, आणि डोलवीच्या कंपनीत माणसं पुरवणारे ठेकेदार. अनिताचा नवरा मिथुन त्यांच्याच हाताखाली शिफ्ट करायचा.

अनिता कुणाला काही बोलली नाही. फ्लेक्स तिने वाळवून घडी घालून ठेवला.

गणपती गेले, कारखाना रिकामा झाला. मग तिने अंगणात बांबूच्या कामट्या वाकवायला घेतल्या. काशीबाईने विचारलं तेव्हा म्हणाली, जिताडा करतेय. हा मासा पूर्वी उघाडीतून शेतात शिरायचा आणि भाताच्या पाण्यात वाढायचा. काशीबाईच्या माहेरी जावई आला की शेतातूनच धरून आणायचे. आता महिनोन् महिने कुणाच्या गळाला लागत नाही. अनिताने सांगाडा माणसापेक्षा लांब केला. बाटल्या चपट्या करून त्यांचे खवले कापले, दुधाच्या आणि तेलाच्या पिशव्या उलट्या करून पाठ मढवली, जाळ्याच्या दोऱ्याने एकेक टाका घातला. उरलेला कचरा पोटात भरला. दुसऱ्यांच्या साच्यातल्या मूर्तींना डोळे देण्यात तिचा जन्म गेला होता. अख्खी वस्तू आपल्या मनाने ती पहिल्यांदाच करत होती. दुपारी जेवायची आठवण राहायची नाही.

पोटाला फ्लेक्सच लागणार होता, एवढं रुंद दुसरं काही नव्हतं. फ्लेक्सची मागची बाजू पांढरी. ती बाहेर केली तर पोट हुबेहूब जिताड्याचं दिसत होतं. अनिताने तसं शिवलंही. मग दोन दिवस येता-जाता बघत राहिली. गावात अजून सगळे खाडीलाच बोल लावत होते. तिसऱ्या दिवशी तिने टाके उसवले आणि फ्लेक्स उलटा केला. जिताड्याच्या पोटातून हैबतराव हात जोडून हसू लागले.

तिची भाची भाविका रोह्याला शाळेत शिकवते. ती आली, फोटो काढून गेली, आणि तो फोटो गावोगावच्या मोबाइलवर फिरला. रोह्यातच कुंडलिका नदीच्या काठी प्लास्टिकच्या कचऱ्यावर प्रदर्शन भरणार होतं, तिथे जिताडा आणा म्हणून निरोप आला. त्याच दिवशी मिथुनला हैबतरावांचा फोन आला.

घरी येऊन मिथुन उंबऱ्यावरच बसला. शेठ ओरडले नाहीत, त्यांनी फक्त घरच्यांची चौकशी केली आणि कंपनीचा गेटपास कधी संपतो ते विचारलं, असं त्याने सांगितलं.

"उलटं कर," तो म्हणाला. "पांढरं बाहेर. तेवढंच मागतोय."

"तुमी करा. माझे हात नाय चालणार."

तिने सुई-दोरा त्याच्यापुढे ठेवला. मिथुन उठला, माशाजवळ गेला, एक टाका बोटाने चाचपला. सुई हातात धरून उभा राहिला. मग सुई ठेवून दिली आणि न जेवताच शिफ्टला निघून गेला. अनिताच्या मनात आलं, आपणच उसवावं. हात पुढे झालाही. पण तिला त्या झडपेचा दंडावरचा फटका आठवला आणि ती आत गेली.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी टेम्पो आला. जिताडा चढवल्यावर काशीबाई कुणाला न विचारता मागे चढली आणि माशाला टेकून बसली. मी येतेय, एवढंच म्हणाली.

वडखळला टेम्पोपुढे दोन मोटारसायकली आडव्या आल्या. हैबतरावांचा पुतण्या रितेश आणि त्याची माणसं. रितेशने शांतपणे ड्रायव्हरची चावी काढून घेतली आणि मासा खाली उतरवायला सांगितलं. अनिता खाली उतरली. ती म्हणाली, मासा आमचा आहे, आम्ही रोह्याला चाललोय. रितेशने तिच्याकडे पाहिलंही नाही. तो मागे चढला.

काशीबाईने जिताड्याची एक कामटी घट्ट धरली होती.

"तुझ्या काकाचा चेहरा माझ्या भातात सापडला पोरा," ती म्हणाली. "तो तिथं कसा गेला तेवढं सांग, आन् मग उतरव."

रितेश थांबला. त्याने काकांना फोन लावला, पाठ फिरवून हळू बोलला. मागे गाड्यांची रांग लागत होती, हॉर्न वाजत होते. अनिताला वाटलं, आता सोडतील. पण फोन खिशात ठेवून त्याने ब्लेड काढलं आणि फ्लेक्स कडेकडेने कापायला घेतला. काशीबाईने हात काढला नाही. ब्लेड तिच्या बोटांना निसटतं लागलं, रक्त आलं. रितेश दचकला, पण थांबला नाही.

पोट फाटलं तसं आतलं सगळं टेम्पोच्या फळीवरून हायवेवर सांडलं. बाटल्या, चपला, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, लग्नातले ग्लास. वारा सुटला होता, पिशव्या ट्रकांच्या चाकांत जाऊ लागल्या. अनिता रस्त्यावर बसून गोळा करायला लागली. कुणीतरी ओरडलं, बाई मरशील. ती उठली नाही. मग एका ट्रकचा क्लीनर उडी मारून उतरला आणि मागच्या गाड्यांना हात दाखवत तोही वेचू लागला. त्याच्यामागून रिक्षावाले आले, वडेवाल्याची बायको आली. रितेशला तो मोठा फ्लेक्स काखेत मावेना. घडी घालायला जावं तर वाऱ्याने पुन्हा पुन्हा काकांचं तोंड उघडत होतं, आणि लोक ते उभ्याने बघत होते. शेवटी चावी फेकून, फ्लेक्स तसाच घेऊन ते निघून गेले.

टेम्पो रोह्याकडे निघाला. अनिताने पदराची चिंधी फाडून सासूची बोटं बांधली.

भाविका मासा पाहून रडवेली झाली. पांढरं कापड आणते, पाहुणे यायच्या आत शिवून टाकू, म्हणाली. अनिताने नको म्हटलं. तिने पोट होतं तसंच उघडं ठेवलं, वेचून आणलेलं सगळं बाहेर लोंबतं सोडलं. लोक बाकीच्या वस्तू बघत पुढे जायचे आणि इथे थांबायचे. हे असं कशाने फाटलं, म्हणून विचारायचे. दुपारी तिला माईकसमोर उभं केलं. तिने उघाडी, अमावास्या, फ्लेक्स, वडखळ, सगळं सांगितलं, फक्त नाव घेतलं नाही. मागून एकाने विचारलं, फ्लेक्स कुणाचा होता? मंडपात हैबतरावांच्या ओळखीची माणसं बसलेली तिला दिसत होती. तिने काशीबाईकडे पाहिलं. काशीबाई चिंधी गुंडाळलेला हात मांडीवर ठेवून तिच्याकडेच बघत होती.

अनिताने नाव घेतलं. टाळ्या वाजल्या नाहीत. पुढच्या रांगेतला एक जण उठून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी मिथुनला गेटवरून परत पाठवलं. ते दिवस घरात फार वाईट गेले. मासा ठेवला होता त्या पडवीकडे तो फिरकायचा नाही. पुढे धरमतरला बार्जवर त्याला काम मिळालं. अंगमेहनतीचं, पण ठेकेदाराशिवायचं. हैबतरावांचे फ्लेक्स अजून लागतात. मात्र वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशी माणसं येऊन ते उतरवून नेतात. कुठे नेतात ते अनिताला ठाऊक नाही.

भाविकाच्या शाळेने अनिताला पोरांना कचऱ्यातून वस्तू करायला शिकवायला बोलावलं, तेव्हा तिने जेवताना ते मिथुनच्या कानावर घातलं. तो भात कालवत राहिला.

"पुढच्या वेळेला आधी मला सांग," तो म्हणाला.

"सांगितलं तर थांबवाल."

"थांबवीन."

"मग नाय सांगणार."

मिथुन हसला नाही, रागावलाही नाही. त्याने ताट पुढे केलं आणि अनिताने त्यात आमटी वाढली.